शाळेतील निरुपयोगी साहित्याचा ऑनलाइन लिलाव : काय विकता येते आणि काय नाही?

प्रश्न : जडवस्तू नोंदवही सांभाळणारा शिक्षक, सोलापूर जिल्हा

सर्वांना नमस्कार. मी एका अनुदानित माध्यमिक शाळेत सहशिक्षक असून गेल्या जूनपासून शाळेची जडवस्तू संग्रह नोंदवही, म्हणजे आपण सगळे ज्याला डेडस्टॉक रजिस्टर म्हणतो ते, माझ्या ताब्यात आहे. आमच्या जुन्या इमारतीच्या मागील दोन खोल्यांमध्ये गेल्या वीस-पंचवीस वर्षांत साठलेले साहित्य छतापर्यंत रचून ठेवलेले आहे आणि पावसाळ्यापूर्वी त्या खोल्या रिकाम्या करून तेथे वर्ग भरवण्याचा संस्थेचा विचार आहे.

साहित्य पुढीलप्रमाणे आहे. लोखंडी सांगाड्याचे बेचाळीस बाक, त्यांपैकी निम्म्यांच्या फळ्या कुजलेल्या. आयसीटी योजनेत, म्हणजे शाळांना संगणक प्रयोगशाळा देणाऱ्या शासकीय योजनेत, मिळालेले अठरा संगणक. इन्व्हर्टरच्या सहा बॅटऱ्या. एक झेरॉक्स यंत्र. जुन्या छताचे पत्रे. ग्रंथालयातील सुमारे सहाशे जीर्ण पुस्तके. प्रयोगशाळेतील बाटल्या आणि काचसामान. भिंतीवरून उतरवून ठेवलेली सांबरशिंगांची एक जोडी. बंद पडलेली शाळेची बस. आणि रद्दी, जिचे वजन कोणी केलेले नाही.

संस्थेच्या एका सदस्यांचे म्हणणे असे की, जुन्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीच्या एखाद्या ॲपवर सर्व साहित्याची छायाचित्रे टाकून, जो जास्त बोली बोलेल त्याला एकगठ्ठा देऊन टाकावे, कारण गावातील भंगारवाला नेहमी पडेल भाव देतो आणि ऑनलाइन बोलीत पारदर्शकता आपोआप येते. मुख्याध्यापकांना हे पटत नाही, परंतु त्यांना नेमका कोणता नियम आड येतो हे सांगता येत नाही. नोंदवहीवर शेवटी सही माझी राहणार असल्यामुळे विचारतो : शाळेला ऑनलाइन लिलावात काय विकता येते, काय विकता येत नाही आणि विकण्यापूर्वी कोणाकोणाची मंजुरी लागते?

उत्तर १ : निवृत्त लेखा कर्मचारी, जिल्हा परिषद

सर, नमस्कार. आपल्या प्रश्नात विक्रीची पद्धत आधी आली आहे आणि मालकी मागे राहिली आहे. लेखापरीक्षण करताना आम्ही नेहमी उलट दिशेने जात असू : वस्तू कोणाची, ती वहीत कधी आणि कोणत्या पैशातून आली, ती निरुपयोगी आहे हे कोणी ठरवले, त्या ठरवणाऱ्याला तसा अधिकार होता का, आणि या सगळ्यानंतर ती कशी विकली. लिलाव ऑनलाइन झाला की चिंचेखाली हात वर करून झाला, हा प्रश्न शेवटचा असतो. ॲपवर बोली लावल्याने भाव चांगला येईल हे मान्य आहे, पण ज्या वस्तूची विक्री करण्याचा अधिकारच शाळेला नाही, तिची विक्री उघड्यावर केली म्हणून ती नियमित ठरत नाही.

आपली शाळा अनुदानित असल्यामुळे त्या दोन खोल्यांत किमान चार मालकांचे साहित्य एकत्र पडले असणार. वेतनेतर अनुदानातून घेतलेले, सत्र शुल्कातून घेतलेले, संस्थेने स्वतःच्या पैशाने घेतलेले, आणि शासनाच्या योजनेतून अथवा लोकप्रतिनिधींच्या निधीतून आलेले. याखेरीज माजी विद्यार्थ्यांनी दिलेले वेगळेच. म्हणून पहिले काम असे करावे की, वहीतील प्रत्येक नोंदीसमोर पेन्सिलीने तिचा स्रोत लिहावा. आयसीटीचे संगणक महाराष्ट्रात बांधा, मालकी ठेवा, चालवा आणि हस्तांतरित करा या पद्धतीने दिले गेले होते. कराराची मुदत संपेपर्यंत ते पुरवठादार कंपनीच्या मालकीचे होते आणि मुदतीनंतर शाळेकडे हस्तांतरित व्हायचे होते. आपल्याकडे ते हस्तांतरण पत्र आहे का, हे आधी पाहावे. पत्र नसेल तर अठरा संगणक आपल्या खोलीत असूनही कागदावर आपले नाहीत. निधीतून आलेल्या वस्तूंबाबत निधी देणाऱ्या कार्यालयाचे लेखी म्हणणे घेतल्याशिवाय हात लावू नये.

दुसरे काम निर्लेखनाचे, म्हणजे निरुपयोगी वस्तू मंजुरीने वहीतून कमी करण्याचे. शाळा समितीचा ठराव, मुख्याध्यापकांनी नेमलेली तीन-चार जणांची तपासणी समिती, प्रत्येक वस्तू प्रत्यक्ष मोजून केलेली यादी, तिच्यात खरेदीचे वर्ष, मूळ किंमत, सध्याची स्थिती आणि दुरुस्ती का परवडत नाही याचे कारण, आणि त्यावर सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी. अनुदानातील वस्तूंसाठी आम्ही शिक्षणाधिकारी कार्यालयाची मंजुरी पाहत असू. मंजुरी आल्यावर वहीच्या शेऱ्याच्या रकान्यात आदेशाचा क्रमांक आणि दिनांक लिहून मगच वस्तू कमी करायची. विक्रीची रक्कम शाळेच्या बँक खात्यात, शाळेची पावती फाडून, त्याच दिवशी कीर्दीत, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीत. ॲपवरच्या व्यवहारात बहुतेक वेळा पैसे एखाद्या शिक्षकाच्या मोबाइल क्रमांकावर येतात आणि तेथूनच घोळ सुरू होतो.

जिल्हा परिषदेच्या शाळांचे चित्र याहून कडक आहे. तेथे मुख्याध्यापकाला स्वतःच्या अधिकारात बाकही विकता येत नाही. प्रस्ताव केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकारी यांच्यामार्फत वर जातो, वर्गखोली पाडायची असेल तर बांधकाम विभाग तिचे निर्लेखन करतो, निघालेल्या सागवानाची, पत्र्याची आणि दगडाची किंमत काढून सरकारी बोली ठरवतो आणि लिलावाचे पैसे जिल्हा परिषदेच्या निधीत जमा होतात. शाळा आपली वाटली तरी ती मालमत्ता जिल्हा परिषदेची असते.

एक प्रकरण माझ्या कायमचे लक्षात राहिले आहे. एका शाळेच्या मुख्याध्यापकांनी साठ बाक वजनावर विकले, आलेला रुपया न् रुपया शाळेच्या खात्यात भरला आणि त्यातून मुलींच्या स्वच्छतागृहाला दार बसवले. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल गावात कोणाला शंका नव्हती. परंतु निर्लेखनाचा आदेश नव्हता, वहीत साठ बाक तसेच उभे होते आणि पावतीवर नुसते "भंगार, इतके किलो" असे लिहिलेले होते. वजनावरून बाकांची संख्या सिद्ध होत नाही. आक्षेप निघाला, तो त्यांच्या निवृत्तीपर्यंत मिटला नाही आणि निवृत्तिवेतनाच्या कागदांना ना-देय प्रमाणपत्र मिळेना. ते गृहस्थ माझ्या टेबलासमोर बसून रडले होते. म्हणून सांगतो, पावतीवर नग आणि वजन दोन्ही लिहा.

उत्तर २ : केंद्रीय विद्यालयातील शिक्षिका, नागपूर

सर, मी आमच्या विद्यालयाच्या निर्लेखन समितीवर दोन वेळा काम केले आहे. आमच्याकडे केंद्र शासनाचे सामान्य वित्तीय नियम, २०१७ पाळले जातात. ते आपल्या अनुदानित शाळेला थेट बंधनकारक नाहीत, परंतु आपली शाळा समिती स्वतःची पद्धत ठरवणार असेल तर नमुना म्हणून ते फार उपयोगी पडतील, असे मला वाटते.

नियम २१७ सांगतो की, वस्तू गरजेपेक्षा जास्त, कालबाह्य अथवा निरुपयोगी ठरवताना त्याची कारणे लेखी नोंदवली पाहिजेत. तिची पुस्तकी किंमत (हिशेबात उरलेली), मार्गदर्शक किंमत (अंदाजे अपेक्षित) आणि राखीव किंमत (जिच्याखाली विकायचे नाही ती) काढली पाहिजे. आणि एखादी वस्तू निष्काळजीपणामुळे अथवा अफरातफरीमुळे निकामी झाली असेल तर जबाबदारी निश्चित केली पाहिजे. हा शेवटचा भाग आपण सगळे विसरतो. चार वर्षांतच निकामी झालेला प्रोजेक्टर भंगाराच्या यादीत घुसवला की त्याची चौकशी कायमची टळते, म्हणून आमच्या समितीने खरेदीच्या वर्षानुसार यादी लावायची पद्धत ठेवली आहे. अलीकडची वस्तू वर येते आणि तिच्याबद्दल प्रश्न विचारावाच लागतो.

नियम २१८ प्रमाणे अंदाजित शिल्लक किंमत दोन लाख रुपयांपेक्षा जास्त असेल तर जाहिरातीद्वारे निविदा किंवा जाहीर लिलाव करावा लागतो. त्याहून कमी असेल तर पद्धत सक्षम अधिकारी ठरवतो आणि ठरवताना साहित्य साचून जागा अडणार नाही याकडे लक्ष देणे अपेक्षित असते. म्हणजे नियम लहान विक्रीला विनाकारण अडवत नाही. पूर्ण रक्कम हाती आल्याशिवाय माल फाटकाबाहेर जाऊ द्यायचा नाही, ही अट मात्र रक्कम कितीही असली तरी पाळावी.

ऑनलाइन पद्धतीबद्दल सांगायचे तर आमच्यासारख्या शासकीय संस्थांसाठी २०१६ साली सुरू झालेल्या जेम या शासकीय ऑनलाइन खरेदी पोर्टलवर विक्रीच्या लिलावाची सोय आहे, आणि पोलाद मंत्रालयाच्या अखत्यारीतील एमएसटीसी ही कंपनीही ई-लिलाव करून देते. दोन्हीकडे बोलीदाराची ओळख, अनामत रक्कम, राखीव किंमत आणि बोलीची वेळ नोंदली जाते. खाजगी ॲपवर "शेवटचा भाव किती?" असा निरोप येतो आणि सौदा तेथेच ठरतो, त्याला लिलाव म्हणता येणार नाही, कारण इतर बोलीदारांना त्या भावावर चढण्याची संधी मिळालेली नसते आणि कोणाची बोली कितीची होती हे नंतर दाखवताही येत नाही.

पहिल्या वेळी आम्ही आपल्या संस्थेच्या सदस्यांना सुचले तेच केले होते. लोखंड, लाकूड, पंखे, संगणक असा सगळा माल एकाच गटात टाकला. पाहणीला आलेले व्यापारी खोलीत शिरत, वरच्या दोन बाकांना हात लावत आणि निघून जात. कारण लोखंडाच्या व्यापाऱ्याला मॉनिटर नको होते आणि संगणक घेणाऱ्याकडे पत्रे न्यायला गाडी नव्हती. राखीव किमतीपर्यंत एकही बोली आली नाही. दुसऱ्या वेळी पटांगणात ताडपत्र्या अंथरून लोखंड, लाकूड, विद्युत साहित्य असे वेगवेगळे ढीग लावले, प्रत्येकाचे वजन केले, कुजलेल्या फळ्यांचेही छायाचित्र दिले आणि "जसे आहे, जेथे आहे" ही अट ठळक लिहिली. मग बोली नीट चढली.

ग्रंथालयाच्या पुस्तकांबाबत एक सूचना. आमच्या नियम २१५ नुसार, वर्षभरात वाचनासाठी दिलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच पुस्तके गहाळ होणे वाजवी मानले जाते, मात्र त्यात अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसावी. एक हजार रुपयांपेक्षा महाग पुस्तक आणि किंमत कितीही असलेले दुर्मीळ पुस्तक हरवले तर चौकशी होतेच. सहाशे पुस्तके एकदम जीर्ण म्हणून काढताना त्यांपैकी खरोखर किती खोलीत आहेत, हे दाखलअंकावरून (ग्रंथालयाच्या नोंदवहीतील पुस्तकाच्या क्रमांकावरून) तपासून घ्यावे. जीर्ण पुस्तकांच्या ढिगाखाली हरवलेली पुस्तके झाकली जातात.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. काल कपाटे उघडून पाहिली. संगणकांचे हस्तांतरण पत्र सापडले. त्यावर अठरा संगणकांचे अनुक्रमांक आहेत, त्यांपैकी सोळाच जुळतात आणि दोन संगणकांत दुसऱ्याच यंत्राचे भाग बसवलेले दिसतात. हे मुख्याध्यापकांना लेखी कळवले आहे. अठरापैकी पाच संगणक अजून सुरू होतात. आता विचारायचे ते बॅटऱ्या, प्रयोगशाळा आणि शिंगांबद्दल. शिंगांवर पितळी पट्टी आहे, एका देणगीदाराने पूर्वी कधीतरी शाळेला भेट दिल्याची. सदस्यांच्या मते त्यांनाच सर्वांत जास्त भाव येईल.

उत्तर ३ : विज्ञान शिक्षक, रायगड

सर, शिंगांचे छायाचित्र कृपया कोणत्याही ॲपवर टाकू नका. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली अशा वस्तूंचा व्यापार हा गुन्हा आहे आणि विक्रीची जाहिरात हाच पुरावा ठरतो. वस्तू भेट म्हणून आली, ती शाळेच्या वहीत आहे, देणगीदार सज्जन होते, या कशानेही विक्रीचा अधिकार निर्माण होत नाही. पितळी पट्टीसह ती जागच्या जागी ठेवून वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना पत्र द्यावे आणि ते सांगतील तसे करावे. अनेक जुन्या शाळांच्या प्रयोगशाळेत भुसा भरलेले पक्षी, कासवाचे कवच, फॉर्मॅलिनच्या बरणीतला नाग असे काहीबाही असते. त्या सर्वांना हेच लागू आहे. काचसामानाच्या ढिगात बरण्याही विकल्या जातात, म्हणून प्रत्येक बरणीत काय आहे ते पाहून घ्या.

रसायनांबद्दल मी जरा कळकळीने लिहितो. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे काचसामान घ्यायला आलेला माणूस बाटल्यांतील द्रव तेथेच मोरीत ओतून रिकाम्या बाटल्या पोत्यात भरू लागला. त्याचे वय सोळा-सतरा असावे, हातात मोजे नव्हते, आणि त्यांतील एका बाटलीत संहत सल्फ्युरिक आम्ल होते. मी खोलीत उशिरा पोचलो असतो तर काय झाले असते, हे आठवले की आजही अस्वस्थ होतो. रसायने, फुटलेल्या तापमापकांतील पारा, चिठ्ठी निघून गेलेल्या बाटल्या यांचा लिलाव होत नाही. त्यांची विल्हेवाट लावावी लागते आणि तिचा खर्च शाळेलाच करावा लागतो. तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी येथे घातक कचऱ्याची सामायिक केंद्रे आहेत. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाशी पत्रव्यवहार करून जवळच्या केंद्राकडे ते पोचवता येते. तोपर्यंत आम्ले, ज्वालाग्राही द्रव आणि पारा एकमेकांपासून दूर ठेवा.

बॅटऱ्यांसाठी बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ आहेत. वापरणाऱ्याने बॅटरी इतर कचऱ्यात न मिसळता, गोळा करणाऱ्या, नूतनीकरण करणाऱ्या किंवा पुनर्चक्रण करणाऱ्या संस्थेकडेच द्यावी, असे ते सांगतात. नवी बॅटरी घेताना जुनी परत देऊन किंमत कमी करून घेणे हा शाळेसाठी सर्वांत सरळ मार्ग आहे. फक्त ती वजावट बिलावर लिहून घ्या, नाहीतर वहीतून सहा बॅटऱ्या कशा गेल्या याचा कागद राहणार नाही.

संगणकांचे दोन भाग करा. ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि त्यांत टाकून दिलेले उपकरण म्हणजे ई-कचरा, अशी व्याख्या आहे. सुरू होणारे पाच संगणक वापरासाठी विकले तर ते या व्याख्येत येत नाहीत. बाकीचे तेरा आणि झेरॉक्स यंत्र मात्र येतात. २०१६ च्या नियमांत मोठ्या ग्राहकांच्या व्याख्येत शैक्षणिक संस्थांचे नाव होते. २०२२ च्या नियमांत ती व्याख्या वर्षात किमान एक हजार उपकरणे वापरणाऱ्यांपुरती झाली, त्यामुळे आपली शाळा तिच्यात बसणार नाही. तरीही बोलीची अट घालताना "केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी असलेला पुनर्चक्रणकर्ता अथवा नूतनीकरणकर्ता" अशीच घालावी. जुन्या मॉनिटरच्या काचेत शिसे असते, आणि गल्लीत तारा जाळून तांबे काढणारी मुले बहुतेक वेळा आपल्याच शाळांतून गळालेली असतात.

आता हार्ड डिस्क. मी पूर्वी ज्या शाळेत होतो, तेथील संगणक विकल्यावर तीन आठवड्यांनी एक माजी विद्यार्थी आला आणि त्याने मोबाइलवर एक छायाचित्र दाखवले. त्याने बाजारातून घेतलेल्या जुन्या संगणकात दहावीच्या दोन तुकड्यांच्या याद्या, पालकांचे दूरध्वनी क्रमांक, आधार कार्डांच्या प्रती आणि शिष्यवृत्तीसाठी घेतलेली बँक खात्यांची माहिती जशीच्या तशी होती. फाइल पुसली असे आम्हाला वाटत होते. नुसते पुसल्याने माहिती जात नाही. ज्या संगणकावर कधीही सरल किंवा यू-डायसचे, म्हणजे विद्यार्थ्यांची आणि शाळेची माहिती शासनाकडे भरण्याचे, काम झाले आहे, त्याची हार्ड डिस्क काढून समितीसमोर ड्रिलने भोके पाडावीत आणि तसा पंचनामा करावा. भाव दोनशे-तीनशे रुपयांनी कमी आला तरी चालेल. झेरॉक्स यंत्रातही स्मृती असू शकते, तीही पाहून घ्या.

उत्तर ४ : संस्थाचालक, सांगली

आपण सर्व जण लिहिता ते बरोबर आहे, परंतु एक बाजू मांडल्याशिवाय राहवत नाही. बेचाळीस बाकांचे लोखंड आणि पत्रे मिळून येणारी रक्कम काही हजारांत असेल. त्यासाठी समिती, मंजुरी, जाहिरात, पोर्टलवर नोंदणी आणि परगावच्या बोलीदाराची वाट पाहणे, एवढ्यात दोन पावसाळे जातात आणि लोखंड गंजून निम्मे होते. आमच्या संस्थेत याच कारणाने एक खोली सात वर्षे बंद राहिली आणि त्या सात वर्षांत मुले व्हरांड्यात बसली. शिवाय चालू असलेले पाच संगणक लिलावात मातीमोल विकण्यापेक्षा जवळच्या वस्तीवरील शाळेला का देऊ नयेत? नियमांचा हेतू साहित्य कुजवण्याचा नक्कीच नसेल.

उत्तर १ लिहिणारे, पुन्हा

साहेब, आपली तळमळ योग्य आहे आणि आपली बंद खोली मी अनेक गावांत पाहिली आहे. परंतु त्या सात वर्षांतील किती काळ प्रस्ताव वरिष्ठ कार्यालयात होता आणि किती काळ तो लिहिलाच गेला नव्हता, हे तपासून पाहावे. माझ्या अनुभवात बहुतेक ठिकाणी यादीच झालेली नसते. मोजणीला दोन दिवस लागतात. त्या दोन दिवसांची टाळाटाळ वर्षानुवर्षे चालते.

लहान रकमेसाठी तीन स्थानिक व्यापाऱ्यांकडून मोहोरबंद दरपत्रके मागवून, सूचना फलकावर आठवडाभर नोटीस लावून विक्री करणे गैर नाही, मात्र तसे समितीच्या ठरावात आधी लिहिलेले असावे. मर्यादा चुकवण्यासाठी एकाच ढिगाचे चार तुकडे पाडणे मात्र गैर आहे. नागपूरच्या बाईंनी प्रकारानुसार गट पाडले ते वेगळे, आणि एकाच लोखंडाचे चार महिन्यांत चार सौदे दाखवणे वेगळे. संगणक दुसऱ्या शाळेला देण्याची कल्पना चांगली आहे. हस्तांतरणालाही विक्रीइतकीच मंजुरी लागते, आणि दोन्ही शाळांच्या वहीत एकाच दिनांकाच्या नोंदी लागतात, एवढे पाहा.

बोली कोणी लावू नये, हेही येथेच लिहून ठेवतो. समितीवरील शिक्षक, लिपिक, संस्थेचे पदाधिकारी आणि त्यांचे जवळचे नातेवाईक यांना ठरावातच वगळा. लोकसेवकाला जी मालमत्ता विकत घेण्यास कायद्याने मनाई आहे ती त्याने स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या नावाने घेणे, हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २०३ खाली गुन्हा आहे. ऑनलाइन बोलीत चेहरा दिसत नाही, त्यामुळे हा मोह तेथे अधिक होतो.

अजून एक. पत्रे काढल्यावर ती जुनी इमारतच पाडून जागा द्यायची, असा विषय कधी निघाला तर तो या लिलावात आणू नका. सार्वजनिक न्यासाची स्थावर मालमत्ता महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरीशिवाय विकता येत नाही. आवारातील वाळलेले झाडही परवानगीशिवाय तोडून विकता येत नाही.

उत्तर ५ : शाळेच्या परिवहन समितीवरील पालक, पुणे

बसबद्दल थोडक्यात सांगतो. १५ वर्षांहून जुन्या वाहनांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून रद्द करणारा नियम शासकीय आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या वाहनांना लागू आहे. बस संस्थेच्या नावावर असल्यास तो आपल्याला थेट लागू नाही. बस चालवण्यासाठी विकत असाल तर नमुना २९ आणि ३० भरून परिवहन कार्यालयात मालकी बदलून घ्या, नाहीतर पुढच्या अपघाताची नोटीस शाळेच्या पत्त्यावर येते. भंगारात देत असाल तर नोंदणीकृत वाहन भंगार केंद्रातच द्या आणि ठेव प्रमाणपत्र (वाहन तेथे जमा केल्याचा दाखला) घ्या. दोन्ही वेळी शाळेचे नाव खरवडून काढा. आमच्या मुलांच्या शाळेची जुनी बस नावासह एका वीटभट्टीवर फिरत होती आणि ती शाळेची समजून एक लहान मुलगी तिच्याकडे धावली होती.

उत्तर ६ : वरिष्ठ लिपिक, छत्रपती संभाजीनगर

इतका वेळ सर्व उत्तरे वाचत होते आणि रद्दीचा विषय कोणी काढेल म्हणून थांबले होते. सर, आपण लिहिले आहे की, रद्दीचे वजन कोणी केलेले नाही. कृपया करूही नका; आधी ती वाचा.

उत्तरपत्रिका, जुन्या हजेऱ्या, वर्तमानपत्रे हे मुदत संपल्यावर ठराव करून विकता येते. परंतु जनरल रजिस्टर, म्हणजे प्रवेश घेतलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याची नोंदवही, हे कायमस्वरूपी जतन करायचे दप्तर आहे आणि जुन्या शाळांमध्ये त्याचे पहिले खंड कित्येकदा अशाच ढिगात सापडतात, कारण त्यांचे पुठ्ठे निघालेले असतात आणि वरून ते जुन्या हिशेबाच्या वहीसारखे दिसतात. त्यात जन्मतारीख असते, वडिलांचे नाव असते, आणि जात लिहिलेली असते. जात पडताळणी समितीसमोर अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागितला जातो, आणि ज्या कुटुंबाकडे जमीन नव्हती त्यांच्याकडे सातबारा नसतो, खरेदीखत नसते; आजोबा तिसरीपर्यंत शिकले ती शाळेतील एक ओळ असते. २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केला तेव्हा शाळांची जुनी दप्तरेही धुंडाळली गेली. आमच्याकडे त्या वेळी मोडी वाचणारे एक आजोबा सलग अकरा दिवस येऊन बसत होते.

त्याच महिन्यात एक बाई शेजारच्या तालुक्यातून आमच्याकडे आल्या. त्यांच्या सासऱ्यांची शाळा वेगळी होती आणि तेथे १९६० पूर्वीचे रजिस्टर रद्दीत गेले असे त्यांना सांगण्यात आले होते. दुसऱ्या कोणत्या शाळेत त्याची प्रत असेल का, असे त्या विचारत होत्या. अशी प्रत कोठेही नसते. त्यांच्या मुलीच्या अभियांत्रिकी प्रवेशाची मुदत पाच दिवसांवर होती.

त्यामुळे रद्दीचा प्रत्येक गठ्ठा सोडा. जनरल रजिस्टर, दाखल्यांच्या स्थळप्रती, सेवापुस्तके आणि वेतनपटांचे जुने कागद बाजूला काढा. तपासणी अधिकाऱ्यांचे शेरेबुक मिळाले तर तेही ठेवा. पंचाहत्तर वर्षांहून जुने हस्तलिखित, ज्याला ऐतिहासिक किंवा साहित्यिक मोल आहे, ते पुरावशेष आणि कलानिधी अधिनियम, १९७२ च्या व्याख्येत येते आणि त्याचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही. जुन्या ग्रंथालयांत पोथ्या असतात, हे ध्यानात ठेवावे. आधार कार्डांच्या झेरॉक्स प्रती रद्दीत देऊ नका. त्या फाडून, भिजवून लगदा करा. आम्ही पावसाळ्यात पिंपात टाकून करतो.

प्रश्नकर्ता

सर्वांचा मी ऋणी आहे. संस्थेच्या ज्या सदस्यांनी ॲपची कल्पना मांडली होती, त्यांना ही सर्व उत्तरे छापून दिली. त्यांनी ती शांतपणे वाचली आणि शिंगांसाठी वनविभागाला द्यायच्या पत्रावर स्वतः सही करतो असे सांगितले. शनिवारच्या शाळा समितीच्या बैठकीत पुढील यादी ठेवत आहे. बाक आणि पत्रे यांचे दोन स्वतंत्र गट, नग आणि वजनासह, शिक्षणाधिकारी कार्यालयाच्या मंजुरीनंतर दरपत्रकांद्वारे. तेरा संगणक आणि झेरॉक्स यंत्र नोंदणीकृत पुनर्चक्रणकर्त्यांच्या बोलीसाठी. पाच चालू संगणकांचा हस्तांतरणाचा प्रस्ताव. बॅटऱ्या नव्या खरेदीत वजावटीने. बसची कागदपत्रे स्वतंत्र. मात्र या अठरांपैकी अनुक्रमांक न जुळणारे दोन संगणक चौकशी होईपर्यंत वरील गटांतून वगळलेले राहतील. रसायनांसाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयाला पत्र लिहिले आहे.

संभाजीनगरच्या मॅडमना मुद्दाम कळवतो. काल दुपारी शिपाईमामा आणि मी रद्दीचे चार गठ्ठे सोडले. तिसऱ्यात, परीक्षेच्या जुन्या वेळापत्रकांच्या खाली, पुठ्ठा नसलेले एक रजिस्टर निघाले. पहिली नोंद १९५१ ची आहे, कडा वाळवीने खाल्ल्या आहेत, पण नावांचा आणि जातीचा रकाना वाचता येतो. ते आता मुख्याध्यापकांच्या कपाटात आहे. अशा पानांची दुरुस्ती आणि बांधणी करून देणारे कोणी आपल्या माहितीत असल्यास, आणि बांधणीला पाठवण्यापूर्वी प्रत्येक पान स्कॅन करून घ्यावे की बांधणीनंतर, हे कृपया सांगावे. अजून सतरा गठ्ठे सोडायचे आहेत.

उत्तर ६ लिहिणाऱ्या, पुन्हा

स्कॅन आधी करा, बांधणीनंतर आतला समास दिसत नाही आणि अनुक्रमांक तेथेच असतो. पाने सपाट ठेवून वरून छायाचित्र घ्या, यंत्रातून ओढू नका. चिकटपट्टी अजिबात लावू नका. उरलेले गठ्ठे सोडताना प्रत्येकाला क्रमांक द्या आणि काय निघाले ते वहीत लिहा, म्हणजे पुढे कोणी विचारले तर दाखवता येईल.